रहस्यकथा लिहिणाऱ्याचे वर्ष, दिवस आणि आस्वाद

रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा किंवा साहसकथा ज्यांना हौसेपुरती एखाद-दुसरी न लिहिता वर्षानुवर्षे लिहीत राहायची आहे, आणि तेही नोकरी, घर व लोकलचा प्रवास सांभाळून, अशा ठाणे-नवी मुंबईतल्या लेखकांसाठी हे टिपण आहे. मी ठाण्यात राहते आणि रहस्यकथा लिहिते. या कामाबद्दल माझे एक ठाम मत आहे व पुढचे सगळे त्याच मतावर उभे आहे. ज्याला लोकप्रिय नाटके, चित्रपट, मालिका आणि एका बैठकीत संपवायची पुस्तके मनापासून आवडत नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला ती आवडतात त्याने त्या आवडीला फावल्या वेळची चैन न समजता तिला कामाच्या वेळापत्रकात रीतसर जागा द्यावी, कारण उत्कंठा कशी वाढते, भीती नेमकी कुठे बसते आणि कंटाळा कोणत्या पानावर सुरू होतो, हे लेखकाला त्याच्यातला वाचकच सांगतो.

वर्षाची आखणी

मराठी कथालेखकाचे वर्ष दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली, आणि रहस्य, भय व विज्ञान या कथाप्रकारांना तर दिवाळी अंकांनीच मोठा आधार दिला. अंक वेळेवर वाचकाच्या हाती पडायचा असेल तर मुद्रितशोधन (छपाईपूर्वीची चुकांची तपासणी), चित्रे आणि जाहिराती यांची जुळवाजुळव गणपतीच्या आसपास उरकावी लागते. म्हणून बहुतेक संपादक जून-जुलैअखेरपर्यंत मजकूर मागतात आणि त्यांची निमंत्रणे उन्हाळ्यातच निघतात. या हिशेबाने कथेचा पहिला खर्डा एप्रिल संपण्यापूर्वी पूर्ण झालेला असावा, मे महिन्यात त्याच्याकडे अजिबात पाहू नये आणि पाऊस सुरू झाल्यावर पुनर्लेखनाला बसावे.

मधला हा महिना रहस्यकथेला इतर कथांपेक्षा जास्त लागतो. गुन्हेगार कोण हे लेखकाला पहिल्या ओळीपासून माहीत असते, त्यामुळे कोणता धागा वाचकाला उघड दिसतो आणि कोणता त्याच्या नजरेतून पूर्णपणे निसटतो, याचा अंदाज लिहिण्याच्या भरात येत नाही. महिनाभराने तीच पाने वाचताना लेखक स्वतःच बराचसा परका वाचक झालेला असतो. या काळात हातात दुसरी, छोटी कथा घ्यावी किंवा केवळ वाचावे. पण खर्डा ‘जरा बघते’ म्हणून उघडू नये.

ज्यांना अजून एकाही संपादकाचे पत्र येत नाही, त्यांनी कथास्पर्धांकडे गांभीर्याने पाहावे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. नामवंत शास्त्रज्ञालाही आपल्या नावाचा आधार बाजूला ठेवून कथा तपासून घ्यावीशी वाटली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

रोजचे काम

नोकरी करणाऱ्याने दिवसाचे तीन भाग वेगळे ठेवावेत: सकाळी लिहावे, प्रवासात वाचावे किंवा विचार करावा, आणि रात्री पाहावे. हा क्रम उलटा केला तर त्रास होतो. सकाळी उठल्याबरोबर एखाद्या मालिकेचा भाग पाहून कोणी लिहायला बसले, तर त्या दिवशीचे संवाद त्या मालिकेच्या लयीत उतरतात आणि पात्रे आपल्या तोंडची भाषा सोडून देतात. घर जागे होण्यापूर्वीचा तास मिळाला तर तोच घ्यावा. शब्द मोजण्यापेक्षा प्रसंग मोजणे या प्रकाराला अधिक मानवते, कारण रहस्यकथेचा प्रत्येक प्रसंग वाचकाला एक नवी माहिती देतो किंवा जुनी माहिती उलटवतो. जो प्रसंग यांपैकी काहीच करत नाही, तो कितीही सुंदर उतरला असला तरी काढावा लागतो.

प्रवासाबद्दल थोडे सांगायला हवे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर सकाळी मुंबईच्या दिशेने जाताना हात वर करून वही धरता येत नाही, तेव्हा तिथे फक्त विचार करावा: कालचा प्रसंग मनात पुन्हा चालवावा आणि पुढच्या प्रसंगाचे पहिले वाक्य ठरवावे. ठाणे-वाशी-पनवेल मार्गाची गोष्ट वेगळी आहे. गाडी ठाण्यातूनच सुटत असल्यामुळे थोडे लवकर पोहोचले की बसायला जागा मिळते आणि वाशीपर्यंत साधारण अर्धा तास सलग वाचन होते. ज्यांना घरात निवांतपणा नाही त्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हावे. १८९३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा आपल्या शहराला अभिमान असायला हवा, आणि तो सभासदत्व घेऊन, पुस्तके घरी नेऊन दाखवणे सर्वांत चांगले.

दोनदा पाहावे, दोनदा वाचावे

आता मुख्य विषयाकडे वळते. आस्वाद कामाला लावायचा म्हणजे प्रत्येक गोष्ट चिकित्सकाच्या नजरेने पाहायची, असा पुष्कळांचा समज असतो आणि तो नुकसान करतो. पहिल्या वेळी पाहताना किंवा वाचताना वही जवळ ठेवू नये. दिवे मालवून, घरच्यांबरोबर, मिळेल तेवढे घाबरत आणि फसत पाहावे. लेखकाने रचलेल्या सापळ्यात स्वतः न अडकता सापळा कसा असतो हे शिकता येत नाही. कथा संपली की मात्र त्याच रात्री अर्धे पान लिहावे: संशय कोणावर होता, तो कधी बदलला, कुठे मन दुसरीकडे गेले, शेवट कळल्यावर समाधान वाटले की फसवणूक. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले तर कार्यालयातली मते आणि परीक्षणे मिसळतात व आपली मूळ प्रतिक्रिया हाती लागत नाही.

काही आठवड्यांनी तीच कलाकृती पुन्हा घ्यावी, आणि या वेळी घड्याळ व वही घेऊन बसावे. प्रत्येक सूत्र, म्हणजे ज्यावरून उलगडा होतो ती प्रत्येक खूण, कितव्या मिनिटाला किंवा कितव्या पानावर आली, तेव्हा आजूबाजूला काय चालले होते आणि ती कोणाच्या तोंडून आली, एवढेच टिपावे. अशी पाच-सहा टिपणे जमली की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. कुशल लेखक खूण नेहमी एखाद्या मोठ्या घटनेच्या अगोदर ठेवतो; वाचक ती वाचतो, पण लगेच दार वाजते किंवा भांडण पेटते आणि खूण मागे पडते. खूण एकटी कधी येत नाही, ती चार निरुपद्रवी वस्तूंच्या यादीत मधोमध असते. आणि सर्वांत महत्त्वाची खूण बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी असते, कारण त्याचे बोलणे आपण हसून सोडून देतो. हे नियम पुस्तकात वाचून जेवढे लक्षात राहतात त्यापेक्षा स्वतःच्या वहीत सापडल्यावर कितीतरी जास्त राहतात.

नाटकाला मी यात वरचे स्थान देते, कारण तिथे प्रेक्षक डोळ्यांसमोर असतो. तलावपाळीवरचे गडकरी रंगायतन १९७८ सालापासून आपल्याजवळ आहे, घोडबंदर बाजूच्या रहिवाशांना डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह जवळ पडते आणि वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. रहस्यप्रधान नाटकाचा प्रयोग लागला की एकदा पुढे बसून नाटक पाहावे आणि पुन्हा लागेल तेव्हा बाल्कनीत मागे बसून प्रेक्षकांना पाहावे. खोकला कधी सुरू होतो, वेफर्सच्या पाकिटाचा आवाज कोणत्या प्रवेशात येतो आणि कोणत्या क्षणी सगळे सभागृह चिडीचूप होते, हे तिथून स्वच्छ कळते. मध्यंतराचा पडदा कुठल्या प्रश्नावर पडला याची नोंद करावी आणि मग बटाटावड्याच्या रांगेत शांतपणे उभे राहून लोक खुनी कोण ठरवत आहेत ते ऐकावे. माझ्या कथांमध्ये वाचकाचा संशय कोणाकडे वळवायचा, हे मी त्या रांगेत शिकले. प्रयोगाचा शेवट मात्र बाहेर कोणालाही सांगू नये. हे सौजन्य आपल्या कलाप्रकाराला आपणच दिले पाहिजे.

रोजच्या मालिकांकडून भागाचा शेवट कसा करावा हे शिकावे, पण त्यांची लांबण घेऊ नये. मालिकेला उत्तर पुढे ढकलत राहावे लागते, कथेला ते द्यावे लागते. गुन्हेगारीवरच्या मालिकांमधली पोलिसी कार्यपद्धतीही जशीच्या तशी उचलू नये. त्याबद्दल पुढे लिहिले आहे. जुन्या रहस्यकथा जरूर वाचाव्यात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या पिढीकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे वेग, म्हणजेच पहिल्या परिच्छेदातच काहीतरी घडवून दाखवण्याचे धैर्य. गणपतीतले देखावे, टेंभी नाक्यावरची हंडी आणि नवरात्रातली गर्दी हाही आस्वादाचाच भाग आहे. गर्दीत माणूस कसा हरवतो, कोण कोणाला कसे ओळखते, ढोलताशाच्या आवाजात काय ऐकू येते आणि काय येत नाही, हे प्रत्यक्ष उभे राहून पाहिलेले असले तर पाठलागाचा प्रसंग खरा उतरतो.

एक प्रकार मात्र वहीपासून पूर्णपणे दूर ठेवावा. माझ्यासाठी तो विनोदी नाटकाचा आहे. तिथे मी काहीही टिपत नाही, दुसऱ्यांदा जाते तीही पुन्हा हसण्यासाठीच. सगळाच आनंद कामाला जुंपला तर काही वर्षांत काम आणि आनंद दोन्ही कोरडे पडतात, असे मी आजूबाजूच्या चांगल्या लेखकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आवडलेले आपले कसे करावे

लोकप्रिय कथांमध्ये रमणाऱ्याला एक भीती असते: आवडलेली कल्पना नकळत उचलली जाईल का? याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचा स्वामित्वहक्क असत नाही. तो असतो त्यांच्या मांडणीवर, रचनेवर आणि अभिव्यक्तीवर. बंद खोलीतला खून किंवा हरवलेली जुळी बहीण ही कोणाच्याही मालकीची नाही, पण एखाद्याने तिची जी क्रमवार मांडणी केली, जे प्रसंग रचले, ते त्याचे आहेत.

कायद्याने मोकळीक दिली तरी लेखकाचे समाधान वेगळ्या ठिकाणी असते. त्यासाठी माझी पद्धत अशी आहे. जे आवडले ते एका वाक्यात लिहायचे, पण त्यात मूळ कथेतले एकही नाव, गाव किंवा वस्तू येऊ द्यायची नाही. उदाहरणार्थ, ‘साक्षीदार एक निरुपद्रवी तपशील सांगतो आणि तोच अशक्य ठरतो’. हे वाक्य काही महिने वहीत पडू द्यायचे. मग विचारायचे की हे माझ्या शहरात कुठे घडेल आणि इथला कोणता तपशील अशक्य ठरेल. ठाण्यात राहणाऱ्याला यासाठी खाडीसारखी दुसरी जागा नाही.

खाडीतला एक नमुना

समजा, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास कळव्याच्या बाजूला कांदळवनाच्या मुळांत अडकलेला एक मृतदेह दिसतो. मृत माणूस जवळच्या सोसायटीचा खजिनदार आहे. सोसायटीतलाच एक रहिवासी सांगतो की रात्री बाराला झोप येत नव्हती म्हणून तो खाडीच्या कडेला गेला होता आणि त्याला एक अनोळखी माणूस समोरच्या चिखलातून चालत जाताना दिसला. चंद्रप्रकाश होता, त्यामुळे दिसणे शक्य आहे. पोलीस त्या अनोळखी माणसाच्या मागे लागतात.

आता भरती-ओहोटीचा हिशेब पाहावा. दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, आणि त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला व अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती असते. पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी तुडुंब भरलेली असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, पहाटे, चिखल उघडा पडतो. मृतदेह पहाटे दिसतो हे बरोबर आहे. मध्यरात्री चिखलातून चालत जाणारा माणूस मात्र असूच शकत नाही, आणि साक्षीदार खोटे बोलतो हे तिथेच सिद्ध होते.

हा उलगडा न्याय्य ठरण्यासाठी त्या रात्री पौर्णिमा होती हे वाचकाला आधीच कळलेले असले पाहिजे, आणि कळूनही त्याने तिकडे दुर्लक्ष केलेले असले पाहिजे. म्हणून दुसऱ्या प्रकरणात सोसायटीच्या सभागृहात सत्यनारायणाची पूजा दाखवावी. खजिनदार वर्गणीच्या पावत्या फाडत असावा, प्रसादाच्या शिऱ्यात केळे कमी पडल्याची तक्रार असावी, लाउडस्पीकरवरून वाद व्हावा आणि कोणीतरी ‘पुनवेचा दिवस आहे, आज तरी भांडू नका’ असे म्हणून जावे. मृत्यूची तारीख, पूजा आणि चंद्र असे तिन्ही वाचकासमोर राहतात, पण त्याचे लक्ष भांडणाकडे जाते. उलगडा करणारी व्यक्ती शहाणा गुप्तहेर असण्याची गरज नाही. खाडीवर वाढलेली कोळीणच ते एका वाक्यात सांगू शकते आणि तिच्या तोंडी ते अधिक शोभते. तिची आगरी-कोळी बोली लिहायची असेल तर ती कळव्या-कोपरीच्या बाजारात बसून ऐकावी, दूरदर्शनवरच्या विनोदी कार्यक्रमातून घेऊ नये. आणि सगळे संवाद बोलीत लिहिण्याचा अट्टहास नसावा; तीन-चार खरे शब्द आणि वाक्याचा हेल पुरतो.

लिहिण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचे प्रत्यक्ष वेळापत्रक पाहावे आणि मुंबई बंदराची वेळ खाडीच्या आतल्या भागाला तंतोतंत लागू होत नाही हे ध्यानात ठेवावे. खाडीचे इतर तपशीलही तपासावेत. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे या काळात इथे असतात, तेव्हा श्रावणातल्या कथेत ते उडवू नयेत.

पोलीस, हद्द आणि कायदा

रहस्यकथेत तपास दाखवायचा तर आधी हद्द ठरवावी. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. ऐरोली, वाशी, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात असूनही पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहे, आणि रेल्वे रुळांवर मृतदेह सापडला तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जाते. खाडीच्या एका काठावर गुन्हा आणि दुसऱ्या काठावर मृतदेह अशी रचना केली की दोन आयुक्तालयांमधला पत्रव्यवहार हाच कथेतला अडथळा होतो, आणि तो अगदी वास्तव असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. त्या तारखेनंतर घडणाऱ्या कथेत खुनाचा गुन्हा कलम ३०२ खाली नोंदवू नये. आता ते कलम १०३ आहे. मराठी वाचकाच्या कानात ‘तीनशे दोन’ इतके बसले आहे की वयस्कर हवालदाराच्या तोंडी ते सवयीने येऊ शकते आणि तरुण उपनिरीक्षकाने ते दुरुस्त करणे हा छान छोटा प्रसंग होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे, तसेच सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. पोलिसाने खिशातून काढलेली वस्तू गुपचूप पुरावा म्हणून ठेवण्याचा जुना प्रसंग यामुळे फार अवघड झाला, आणि लेखकाने या अवघडपणाचे स्वागत करावे, कारण त्यातूनच नवी गुंतागुंत मिळते.

संशयास्पद मृत्यू झाला की लगेच खुनाचा गुन्हा दाखल होतोच असे नाही. अनेकदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल येतो आणि मग गुन्हा दाखल होतो. या मधल्या वेळेत कुटुंबाची, शेजाऱ्यांची आणि खुन्याची जी घालमेल होते, ती रहस्यकथेतली सर्वांत समृद्ध जागा आहे व आपले बहुतेक लेखक ती एका वाक्यात ओलांडून जातात. ठाणे अंमलदार (पोलीस ठाण्यात तक्रारी नोंदवून घेणारा कर्मचारी), स्टेशन डायरी, मुद्देमाल हे शब्द निवेदनात वापरावेत. संवादांत मात्र पोलीस एकमेकांना ‘पीआय साहेब’ (निरीक्षक), ‘एपीआय’ (सहायक निरीक्षक), ‘पीएसआय’ (उपनिरीक्षक) असेच म्हणतात, तिथे शुद्ध मराठी पदनामे कृत्रिम वाटतात.

हस्तलिखित, हक्क आणि मानधन

मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाठवावा. काही ठिकाणी तो अजूनही जुन्या टंकांत रूपांतरित होतो आणि त्यात रफार, ‘दुसऱ्या’सारखे शब्द व जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मुद्रितशोधनाची प्रत स्वतः मागून घ्यावी. रहस्यकथेत एका आकड्याची चूक सगळा उलगडा बिघडवते. वेळा, तारखा आणि खोलीचे क्रमांक वेगळे तपासावेत. पाठवण्यापूर्वी कथा एकदा मोठ्याने वाचावी, शक्यतो दुसऱ्या माणसासमोर. आपल्याकडे कथाकथनाची मोठी परंपरा आहे आणि आता श्राव्य पुस्तकांमुळे तिला नवे महत्त्व आले आहे. डोळ्यांना सहज वाटणारे वाक्य जिभेला अडखळते तेव्हा ते मोडून दोन करावे, आणि दोन पात्रांची नावे एकाच अक्षराने सुरू होत असतील तर एक बदलावे.

दिवाळी अंकाला कथा देताना ‘प्रथम प्रकाशनाचा हक्क’ एवढेच देत असल्याचे पत्रात किंवा ईमेलमध्ये लिहावे. पुस्तकाचा करार करताना मुद्रित, ई-पुस्तक, श्राव्य, अनुवाद आणि चित्रपट-मालिका रूपांतर हे हक्क स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावेत व ज्यांचा मोबदला ठरलेला नाही ते आपल्याकडे ठेवावेत. रहस्य आणि भय या प्रकारांना श्राव्य माध्यमात आणि पडद्यावर मागणी असते, त्यामुळे ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत फार काही निघून जाते. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ यात लेखकाच्या बाजूने असलेल्या तरतुदी माहीत असाव्यात: हक्क हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते, मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो संपुष्टात येतो. कथेचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. तो आपल्या वारसांना मिळणारा आहे, म्हणून सगळे करार एका फायलीत ठेवावेत आणि ती फाइल कुठे आहे हे घरात सांगून ठेवावे.

स्वतः पुस्तक काढायचे असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो मिळवून देण्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. मानधन किती मिळेल हे कथा पाठवण्यापूर्वी नम्रपणे विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटून घेणारे लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि चांगल्या संपादकाला तो प्रश्न कधीच खटकत नाही.

दिवाळीनंतरचे महिने

अंक प्रसिद्ध झाला की पुढच्या वर्षाची तयारी लगेच सुरू करता येते. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांची योजना चालवतात. एकदा वर्गणी भरली की काही महिने पाळीपाळीने पुष्कळ अंक घरी नेता येतात. या योजनेत नाव नोंदवावे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात केवळ आपल्याच प्रकारच्या कथा न वाचता पूर्ण अंक वाचावेत. कोणत्या अंकाने रहस्यकथेला किती पाने दिली, कोणता संपादक दीर्घकथा घेतो, कोण लोककथेतल्या भयाकडे झुकतो आणि कोणाला विज्ञानाचा पाया पक्का लागतो, याची नोंद वहीच्या मागच्या पानांवर ठेवावी. ज्या कथेने खरोखर खिळवून ठेवले तिच्या लेखकाला संपादकांमार्फत पत्र लिहावे. आपल्या प्रकारात लिहिणारी माणसे थोडी आहेत आणि त्यांच्याशी झालेला परिचय पुढे हस्तलिखित वाचून घेण्यासाठीही उपयोगी पडतो. ही नोंद मार्चपर्यंत पूर्ण झाली की कोणती कथा कोणाला पाठवायची हे खर्डा तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते आणि निमंत्रणाच्या पत्राची वाट न पाहता संपादकांना विचारणा करता येते.